१८ अक्षरांची शेपटी : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

३ डिसेंबर

आज विषय नोंदवला. फॉर्मवर लिहिलं: 'रेट्रोव्हायरसच्या संसर्गात यजमान पेशीतील आरएनएची भूमिका'. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "विषय लई मोठा आहे. एकच धागा धर आणि त्याच्या टोकापर्यंत जा." चौथ्या सत्राचा प्रकल्प, हातात तीन-साडेतीन महिने. जिवंत एचआयव्ही हाताळायला लागते तशी प्रयोगशाळा आमच्याकडे नाही, त्यामुळे बरंचसं काम संगणकावर होईल आणि थोडं बाकावर, म्हणजे हाताने प्रयोग करून.

विषय कुठून आला तेही लिहून ठेवते. आमच्या ओळखीतल्या एक काकू बरीच वर्षं एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या घेतात. (त्यांना विचारूनच लिहितेय. नाव, गल्ली यातलं काही इथे येणार नाही.) दिवाळीत फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "रिपोर्टात व्हायरस सापडंना झालाय म्हणत्यात. मग गोळी बंद का करत न्हाईत गं?" मी म्हटलं, तो पेशींत लपून बसतो. त्यावर त्या म्हणाल्या, "कशाच्या आड?"

मला उत्तर देता आलं नाही. पाच वर्षं जीवशास्त्र शिकूनही.

१० डिसेंबर

वाचन सुरू. मुळापासून सुरुवात केली. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, विषाणूच्या कणात एक एन्झाइम दाखवलं. ते आरएनएवरून डीएनए लिहितं. त्यालाच आपण रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज म्हणतो, आणि ते वापरणारे विषाणू म्हणजे रेट्रोव्हायरस. एचआयव्ही त्यांतलाच. १९७५ चं नोबेल त्यावर मिळालं. हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. पण पुस्तकात जे एका ओळीत उरकतं, तिथेच मला थांबावंसं वाटलं: हे एन्झाइम कोऱ्या जागेवर पहिलं अक्षर लिहूच शकत नाही. त्याला आधीचं एखादं टोक लागतं, त्या टोकाला जोडूनच ते पुढे लिहितं. त्या टोकाला प्रायमर म्हणतात. आणि विषाणू हे टोक स्वतः बनवत नाही. ते तो आपल्या पेशीतून उचलतो.

इचलकरंजीची मैत्रीण शेजारी बसली होती. तिच्या घरी यंत्रमाग आहेत. ती म्हणाली, "हे आमच्या बीमसारखंच की." सायझिंगहून (सुताला खळ लावतात तिथून) नवा बीम, म्हणजे सुतं गुंडाळलेला रूळ, आला, की त्याची सुतं मागात नव्याने ओवत बसत नाहीत. जुन्या बीमची टोकं मागात ठेवलेली असतात, नव्या सुताचं एकेक टोक त्याला गाठ मारून जोडायचं आणि ओढून घ्यायचं. हजारो गाठी. जुनं टोक निसटलं की सगळं काम अडलं. मला हे चित्र फार उपयोगी पडलं. वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवलंय.

एचआयव्ही-१ ज्याला गाठ मारतो ते जुनं टोक म्हणजे टीआरएनए-लायसिन-३. हा आरएनए आपल्या पेशीतला हमाल आहे. लायसिन नावाचं अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रापर्यंत) नेऊन पोचवणं हे त्याचं काम. लांबी ७६ अक्षरं, म्हणजे ए, यू, जी, सी असे ७६ रासायनिक घटक.

१९ डिसेंबर

आज अख्खा दिवस एकाच गोष्टीवर गेला, आणि ती जुळत नाही.

विषाणूच्या जीनोमवर (त्याच्या संपूर्ण आरएनए-मजकुरावर) टीआरएनए बसण्याची जागा आहे, तिला प्रायमर बाइंडिंग साइट म्हणतात. एचएक्सबी२ या संदर्भ-क्रमात ती ६३६ ते ६५३ या स्थानांवर आहे. बरोबर १८ अक्षरं:

टी-जी-जी-सी-जी-सी-सी-सी-जी-ए-ए-सी-ए-जी-जी-जी-ए-सी

टीआरएनएच्या शेपटीची १८ अक्षरं हिला उलट दिशेने पूरक (ए समोर टी किंवा यू, जी समोर सी) असायला हवीत. मानवी टीआरएनए जनुकांच्या डेटाबेसमधून लायसिन-३ चा क्रम घेतला, उलटा केला, पूरक केला. आधी मी दोन्ही क्रम एकाच दिशेने वाचत होते, त्यात सकाळ गेली. ते सुधारल्यावर १५ अक्षरं अगदी चपखल बसली. पण सुरुवातीच्या टी-जी-जी समोर काहीच नाही. क्रम तिथे संपतोच. मोजला तर ७३ अक्षरांचा निघाला. ७६ हवेत.

तीन वेळा डाउनलोड केलं, तीनही वेळा ७३. रात्री साडेआठला प्रयोगशाळेच्या मामांनी किल्ल्या वाजवल्या तेव्हा उठले.

२० डिसेंबर

उत्तर मिळालं, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. प्रत्येक पक्क्या टीआरएनएच्या टोकाला सी-सी-ए ही तीन अक्षरं असतात, अमिनो आम्ल त्यांच्यावरच लटकतं. ई. कोलायच्या टीआरएनए जनुकांत ही तीन अक्षरं लिहिलेली असतात, आणि आम्ही बीएस्सीला ई. कोलायच शिकलो. माणसाच्या जनुकांत ती नसतात. टीआरएनए तयार झाल्यावर एक वेगळं एन्झाइम ती मागाहून जोडतं. मी जनुकाचा क्रम घेतला होता, म्हणून ७३.

७३ अधिक ३ म्हणजे ७६. सी-सी-ए ला उलटं पूरक टी-जी-जी. सगळी १८ जुळली.

मॅडमना दाखवलं. त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे विषाणूच्या जीनोममध्ये असं काहीतरी लिहिलंय, जे आपल्या जनुकात कुठेच एकसलग लिहिलेलं नाही. ते फक्त तयार टीआरएनएवर आहे. आता ते तिथे कुठून आलं, ते शोध." हे वाक्य मी तारखेसह लिहून ठेवतेय.

२ जानेवारी

बाकावरचं काम. टीआरएनए डोळ्यांनी बघायचाय, निदान जेलवर, जिथे आरएनएचे रेणू लांबीप्रमाणे वेगळे होतात. राजारामपुरीतून कोंबडीची कलेजी आणली. कोंबडीच का, याला कारण आहे: गाठ (ट्यूमर) करणारा पहिला रेट्रोव्हायरस पेटन राऊस यांना १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीतच मिळाला, आणि तो राऊस सार्कोमा विषाणू प्रायमर म्हणून कोंबडीचा ट्रिप्टोफॅनवाला टीआरएनए वापरतो. उंदरांतला म्युरीन ल्युकेमिया विषाणू प्रोलीनवाला घेतो, एचआयव्ही लायसिनवाला. ज्याची त्याची गाठ ठरलेली.

कलेजीतून आरएनए काढायला ट्रायझॉल, क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपॅनॉल, शेवटी इथेनॉलने धुणं. सगळं क्रमाने केलं. जेलवर वरपासून खालपर्यंत नुसता धूसर पट्टा. आरएनए तुटून गेलाय. कलेजी साध्या पिशवीतून आली, वाटेत बस अडकली, आणि जेलचा टँक रोजच्या डीएनएच्या कामाचा होता. आरएनए तोडणारी एन्झाइमं हातावर, टेबलावर, सगळीकडे असतात.

९ जानेवारी

या वेळी थर्मासमध्ये बर्फ घेऊन गेले. दुकानदार दादांना कारण सांगितलं, तर त्यांनी समोरच कापून गरम कलेजी थेट बर्फातल्या ट्यूबमध्ये टाकली. टँक आणि कंगवा तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतला, पाणी डीईपीसीचं (आरएनए तोडणारी एन्झाइमं निकामी केलेलं), ग्लोव्ह्ज दर पायरीला नवे.

यूव्ही दिव्याखाली वर २८एस आणि १८एस या रायबोसोमच्या आरएनएचे दोन स्वच्छ बँड, वरचा जास्त उजळ. आणि अगदी तळाला एक रुंद, मऊ कडांचा पट्टा. त्यात ५एस असतो, ५.८एस असतो आणि सगळे टीआरएनए असतात. ट्रिप्टोफॅनवाला कुठला आणि लायसिनवाला कुठला, हे या जेलवर वेगळं दिसत नाही. तरी मी किती वेळ त्या तळाच्या पट्ट्याकडे बघत होते. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी दहा-पंधरा टक्के टीआरएनए असतो, हे पुस्तकातलं वाक्य तिथे खरोखर उजेड देत होतं. विषाणूने भरपूर साठा असलेली गोष्टच निवडली आहे.

१७ जानेवारी

भारतात एचआयव्हीचा मुख्यतः सी उपप्रकार आढळतो. त्यामुळे सार्वजनिक डेटाबेसमधले सी उपप्रकाराचे क्रम घेऊन त्यांत ही १८ अक्षरं किती टिकून आहेत ते बघायचं ठरवलं होतं. पहिल्या फेरीत इतकी एकसारखी निघाली की आनंद झाला. मग शंका आली.

बरेच 'जवळपास पूर्ण' जीनोम नेमके याच जागेपासून सुरू होत होते. त्यांच्या पद्धतीचे भाग वाचले. जवळपास पूर्ण जीनोम वाढवायला पीसीआरचा (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीचा) जो पुढचा प्रायमर सर्रास वापरतात, तो बसतो याच जागेवर. म्हणजे त्या क्रमांमधली सुरुवातीची अक्षरं रुग्णाच्या विषाणूची नव्हेत, प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रायमरची आहेत. ती एकसारखी असणारच.

हे सगळे क्रम काढून टाकले. ज्यांचा क्रम या जागेच्या बराच आधीपासून सुरू होतो तेवढेच ठेवले. संख्या खूप कमी झाली. पण उरलेल्यांतही बहुतेक ठिकाणी तीच १८ अक्षरं आहेत, आणि आता ते मी विश्वासाने लिहू शकते. अहवालात ही चाळणी कशी लावली ते सविस्तर देणार आहे. पुढच्या वर्षी हे काम घेणाऱ्या मुलीने तेच क्रम पुन्हा मोजू नयेत, एवढ्यासाठी तरी.

२४ जानेवारी

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. २० डिसेंबरच्या नोंदीशी जोडून वाचावं.

विषाणू पेशीत शिरतो तेव्हा टीआरएनए आधीच त्याच्या जीनोमला चिकटलेला असतो. आधीच्या पेशीतून बाहेर पडतानाच तो सोबत बांधून घेतलेला असतो, आणि त्यासाठी लायसिन चढवणारं पेशीचं एन्झाइमही कणात ओढून घेतलेलं असतं. टीआरएनएच्या टोकापासून डीएनएची पहिली पट्टी वाढते. मग दुसरी पट्टी लिहिताना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज पहिल्या पट्टीवरून मागे मागे येत टीआरएनएवरच चढतं आणि त्याची शेपटीसुद्धा उतरवून घेतं. किती उतरवतं? टीआरएनएच्या ५८ व्या स्थानावर जो ए आहे, त्यावर आपल्या पेशीने एक मिथाइल गट लावलेला असतो. त्याच्या समोर अक्षर बसवता येत नाही, एन्झाइम तिथे थांबतं. ५९ ते ७६ म्हणजे १८.

मी क्रम समोर ठेवून बोटाने मोजलं. ए नंतर: जी-यू-सी-सी-सी-यू-जी-यू-यू-सी-जी-जी-जी-सी-जी-सी-सी-ए. १८.

म्हणजे ही लांबीसुद्धा विषाणूने ठरवलेली नाही, आपल्या पेशीने लावलेल्या त्या मिथाइलने ठरवली आहे. आणि दर संसर्गात नव्या डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर ही १८ अक्षरं त्या माणसाच्या टीआरएनएवरून नव्याने लिहिली जातात. संशोधकांनी ही जागा मुद्दाम बदलून दुसऱ्या टीआरएनएला जुळेल अशी केली, तर विषाणू मंद वाढतो आणि काही काळ वाढवत ठेवला की बहुतेक वेळा लायसिन-३ वरच परत येतो. कारण पेशीतला खरा नमुना सतत समोर असतो.

काकूंची गोळीही इथेच काम करते. आता बहुतेकांना तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी मिळते. त्यातलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन या वाढणाऱ्या धाग्यात खोट्या अक्षरासारखं जाऊन बसतं आणि पुढची गाठ मारायला टोकच उरत नाही. तिसरं, डोल्युटेग्राव्हिर, तयार डीएनएला आपल्या गुणसूत्रात शिरू देत नाही. जो आधीच शिरून बसलाय त्याला मात्र यातलं एकही औषध हात लावत नाही. काकूंचा प्रश्न त्याच्याबद्दल होता.

१ फेब्रुवारी

आई किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात गेली आहे, घर शांत आहे. आज ७एसके वाचलं.

विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात शिरला की त्याच्यावरून आरएनए लिहिणं हे आपल्याच पेशीच्या यंत्राचं काम. हे यंत्र सुरुवात करतं आणि थोडं लिहून अडखळतं. त्याला पुढे ढकलणारी प्रथिनांची जोडी आहे, पी-टीईएफबी: सीडीके९ आणि सायक्लिन टी१. या जोडीचा मोठा भाग पेशीत मोकळा फिरत नाही. सुमारे ३३० अक्षरांचा ७एसके नावाचा आरएनए, हेक्सिम१ या प्रथिनाच्या मदतीने, तिला धरून ठेवतो. ७एसके तिला धरतो हे २००१ साली उघड झालं. ७एसके पासून कुठलंही प्रथिन बनत नाही. धरून ठेवणं हेच त्याचं काम.

विषाणूचा टॅट (त्याचं एक प्रथिन) ही जोडी ७एसकेच्या हातून सोडवून आणतो आणि विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीला असलेल्या टार या ५९ अक्षरी वेटोळ्यावर नेऊन बसवतो. मग लिहिणं धडधडत सुरू होतं, त्यातून आणखी टॅट बनतो. पण शांत झोपलेल्या सीडी४ स्मृतिपेशीत (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या पेशींपैकी एकीत) मुळात ही जोडी फार कमी असते, असते तीही बांधलेली. पुरेसा टॅट कधी जमतच नाही. विषाणू गुणसूत्रात पूर्ण लिहिलेला असतो आणि वाचला जात नाही. रक्ताच्या तपासणीत दिसणार कसा?

काकूंच्या 'कशाच्या आड' याचं हे पूर्ण उत्तर नाही, गुणसूत्र कसं गुंडाळलंय यासारखी इतरही कारणं आहेत. पण आता मी त्यांना एका गोष्टीचं नाव सांगू शकते.

११ फेब्रुवारी

बाकीचे आरएनए. यांच्यावर अहवालात एकेक परिच्छेदच देणार आहे.

मायक्रोआरएनए, म्हणजे दुसऱ्या आरएनएवर बसून त्याला दाबणारे छोटे आरएनए: २००७ मध्ये शांत सीडी४ पेशींमध्ये मिआर-२८, १२५बी, १५०, २२३ आणि ३८२ हे पाच विषाणूच्या आरएनएच्या शेपटाकडच्या भागावर बसून त्याला दाबतात असं दाखवलं गेलं. वाचायला फार आकर्षक. पण २०१३ मधल्या दुसऱ्या कामात दिसलं, की विषाणूचा आरएनए स्वतःवर इतका घट्ट दुमडलेला असतो की पेशीच्या मायक्रोआरएनएंना बसायला जागा फारशी मिळत नाही. मैत्रीणीचा कल पहिल्याकडे, माझा दुसऱ्याकडे. दोन्ही बाजू देऊ, पण 'मायक्रोआरएनए एचआयव्हीला रोखतात' असं सरळ वाक्य अहवालात जाऊ द्यायचं नाही.

नीट१: केंद्रकातला लांब आरएनए, पॅरास्पेकल नावाचे ठिपके त्याच्यावर उभे असतात. तो कमी केला की विषाणूचे न कापलेले आरएनए केंद्रकातून जास्त बाहेर पडतात आणि विषाणू जास्त बनतो. हेही २०१३ चंच.

७एसएल: सुमारे ३०० अक्षरं, एरवी प्रथिनं योग्य पटलापाशी पोचवणाऱ्या यंत्रणेचा कणा. विषाणूच्या कणात त्याच्या स्वतःच्या जीनोमच्या दोन प्रती असतात, आणि ७एसएलच्या त्याहून कितीतरी जास्त. मला हे वाचून बराच वेळ दुसरं काही वाचता आलं नाही. त्या कणात आपला आरएनए एवढा भरलेला असतो.

२० फेब्रुवारी

शेवटचा मोठा तुकडा, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर.

आपल्या जीनोमचा सुमारे आठ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांचा आहे. उंदरांतही असे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही अजून जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारू शकतात. त्यांनाही प्रायमर म्हणून टीआरएनएची शेपटीच लागते. २०१७ मध्ये उंदराच्या मूलपेशींमध्ये दिसलं, की पेशी टीआरएनएच्या शेपटीचे छोटे तुकडे करून ठेवते. काही २२ अक्षरांचे, ते या घटकांचा आरएनए दाबतात. काही १८ अक्षरांचे, ते थेट प्रायमरच्या जागी जाऊन बसतात. अख्ख्या टीआरएनएला मग जागा मिळत नाही आणि आरएनएवरून डीएनए लिहिणं सुरूच होत नाही.

पुन्हा तीच १८. विषाणू जी शेपटी धरून आत येतो, तीच तोडून पेशी त्याचं दार लावते. हे काम जीनोममध्ये आधीच रुजलेल्या जुन्या घटकांवरचं आहे, एचआयव्हीवरचं नव्हे. अहवालात हा फरक ठळक लिहायचा, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

४ मार्च

अहवाल बाइंडिंगला दिला. संध्याकाळी काकूंकडे गेले. बरोबर कागदाच्या पट्ट्या नेल्या होत्या: पिवळी विषाणूची, निळी आपली. निळीच्या टोकाची १८ घरं पिवळीवर बसवून दाखवली. मग ७एसकेसाठी एक दोरा घेतला आणि त्यात दोन बटणं अडकवून ठेवली.

त्यांनी पट्ट्या हातात घेतल्या, दोनदा लावून काढून बघितल्या. म्हणाल्या, "ही निळी माझीच?"

"तुमचीच."

"मग ही शेपटी कापून टाकली तर?"

मी सांगितलं, ती कापली तर आपल्या पेशीला लायसिन मिळणार नाही, प्रथिनं बनणार नाहीत. विषाणूने नेमकं तेच धरलंय जे आपल्याला टाकता येत नाही. त्यांनी बटणांचा दोरा उचलला. "आणि यो सुटला की यो जागा हुतो?"

"हो. म्हणून गोळी. जागा झाला तरी बाहेर पडून नव्या पेशीत त्याची गाठ बसू नये म्हणून."

नऊ वाजता त्यांच्या फोनचा गजर झाला. त्या उठल्या, गोळी घेतली, परत येऊन बसल्या आणि दोरा तसाच हातात धरून म्हणाल्या, "दोरा ठेव हितंच. पट्ट्या ने, तुला दावायला लागतील."

तोंडी परीक्षा १२ तारखेला. निळी पट्टी नवीन कापायची आहे, हिच्यावर माझ्याकडून एक जी कमी लिहिला गेलाय.